नॅरो गेजच्या वाफेच्या इंजिनाची कुंडली जुन्या कागदांतून कशी मांडायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बार्शी लाईट, माथेरान, शकुंतला आणि साखर कारखान्यांचे छोटे रूळ यांच्याबद्दल जे प्रश्न पुन:पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. कोणाच्या घरात आजोबांचा फोटो असतो, कोणी स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर उभं इंजिन पाहिलेलं असतं, तर कोणाला भंगारवाल्याकडे पितळी पाटी मिळालेली असते. कोणताही प्रश्न सुटा वाचला तरी चालेल. एकाच गोष्टीचा पुढे-मागे संबंध येतो, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नॅरो गेज म्हणजे नेमकं किती? आमच्याकडचं इंजिन त्यात बसतं का?

महाराष्ट्रात प्रामुख्याने दोन मापं भेटतात. ७६२ मिमी, म्हणजे अडीच फूट: बार्शी लाईट, शकुंतला (मूर्तिजापूर ते यवतमाळ आणि मूर्तिजापूर ते अचलपूर), पुलगाव–आर्वी, पाचोरा–जामनेर आणि नागपूरकडचं सातपुड्याचं जाळं. ६१० मिमी, म्हणजे दोन फूट: माथेरान. दार्जिलिंगही याच मापाचं.

माप घेताना टेप दोन रुळांच्या आतल्या कडांमध्ये लावा. चौथऱ्यावर रूळ नसेल, तर एका आसावरच्या दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. ते गेजपेक्षा थोडं कमी भरतं. हे मोजमाप आधी करा, कारण गेज चुकलं की पुढचे सगळे कागद दुसऱ्याच इंजिनाचे निघतात.

वर्गाचं नावही मदतीला येतं. १९२० च्या दशकात ठरलेल्या प्रमाणित वर्गांत एक्स म्हणजे ब्रॉड गेज, वाय म्हणजे मीटर गेज, झेड म्हणजे अडीच फूट आणि क्यू म्हणजे दोन फूट. झेडबी, झेडई, झेडपी असं काही लिहिलेलं दिसलं, तर ते अडीच फुटी इंजिन.

२. इंजिनावर तीन-चार वेगवेगळे आकडे आहेत. खरा नंबर कोणता?

सगळेच खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. बांधणाऱ्या कारखान्याने दिलेला क्रमांक पाटीवर सालासोबत असतो आणि तो कधी बदलत नाही. रेल्वेने दिलेला क्रमांक केबच्या (ड्रायव्हर उभा राहतो त्या खोलीच्या) बाजूला असतो आणि तो मालक बदलला की बदलतो. बॉयलरचा क्रमांक वेगळा असतो (प्रश्न ११). सुट्या भागांवर ठोकलेले आकडे वेगळे असतात (प्रश्न १२).

दार्जिलिंगचं उदाहरण घ्या. शार्प स्टुअर्ट कंपनीने १८८९ मध्ये बांधलेलं इंजिन आधी १९ नंबरचं होतं. भारतीय रेल्वेच्या काळात तेच ७७८ झालं. १९ आणि ७७८ ही दोन वेगळी इंजिनं समजून लिहिलेले लेख मी वाचले आहेत. म्हणून टिपण काढताना पहिल्या ओळीत कारखान्याचं नाव, कारखान्याचा क्रमांक आणि साल लिहा. रेल्वेचे सगळे नंबर त्याखाली, ज्या त्या काळासह लिहा.

३. ०-८-४ किंवा २-६-२ असं लिहितात, त्याचा अर्थ काय?

चाकांची मांडणी. पहिला आकडा पुढच्या छोट्या चाकांचा, मधला दांड्यांनी जोडलेल्या मोठ्या चाकांचा, शेवटचा मागच्या छोट्या चाकांचा. पुढे ‘टी’ असेल तर पाणी आणि कोळसा इंजिनावरच असतो, त्यासाठी मागे जोडलेला वेगळा डबा, म्हणजे टेंडर, नसतो. बार्शी लाईटची सुरुवातीची इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीने बांधलेली ०-८-४ टी होती. फोटोत नंबर वाचता येत नसला तरी चाकं मोजता येतात, आणि तेवढ्यावरून निम्मे पर्याय गळतात.

४. सुरुवात कुठून करू? थेट दिल्लीला जावं लागेल का?

नाही. आधी घरातलं आणि गावातलं संपवा. फोटो, सर्व्हिस शीट (नोकरीच्या नोंदींचा कागद), पास, जुनी वेळापत्रकं, निवृत्त ड्रायव्हर-फायरमनांच्या आठवणी. मग छापील वार्षिक अहवाल: रेल्वे बोर्डाच्या अहवालांत प्रत्येक मार्गाची लांबी, मालक, चालवणारी संस्था आणि उत्पन्न मिळतं. हे अहवाल मोठ्या ग्रंथालयांत असतात आणि बरेचसे स्कॅन होऊन मोफत वाचायला मिळतात. त्यानंतर अभिलेखागार. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या सूची चाळता येते, तेव्हा दिल्लीला जायचं ते फाईलचा क्रमांक हातात असेल तरच जा.

सूची चाळताना जुनी स्पेलिंगं घालावी लागतात. त्याबद्दल प्रश्न ९ पाहा. पुष्कळांचा शोध तिथेच अडतो.

५. इंजिन बांधणाऱ्या कंपन्या कधीच्या बंद पडल्या. त्यांचे कागद उरलेत का?

कंपनी बुडाली म्हणजे कागदही बुडाले असं नाही. ग्लासगोची नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी १९६२ मध्ये बंद पडली, पण तिचे नकाशे आणि ऑर्डरींच्या नोंदी ग्लासगो विद्यापीठात आणि तिथल्या मिचेल ग्रंथालयात आहेत. मँचेस्टरच्या बेयर पीकॉकचा संग्रह मँचेस्टरच्याच विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात आहे. अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्याच्या नोंदवह्या डॅलसच्या डीगोलियर ग्रंथालयात आहेत.

अवघड जातं ते एका कंपनीचा वारसा दुसरीकडे गेला की. नॉर्थ ब्रिटिश ही १९०३ मध्ये नीलसन रीड, ड्यूब्ज आणि शार्प स्टुअर्ट या तीन कंपन्या एकत्र येऊन झाली. त्यामुळे १८८९ च्या शार्प स्टुअर्ट इंजिनाचा माग नॉर्थ ब्रिटिशच्या संग्रहात काढावा लागतो. किटसन १९३८ च्या सुमारास बंद झाली, तेव्हा तिचे नकाशे आणि नमुने रॉबर्ट स्टीफन्सन अँड हॉथॉर्न्सकडे गेले. आपल्या इंजिनाची कंपनी पुढे कोणात विलीन झाली हे आधी काढा, पत्र त्यानंतर लिहा. पत्रात कारखान्याचा क्रमांक द्या. ‘आमच्या गावचं इंजिन’ एवढ्यावर कोणी उत्तर देऊ शकत नाही.

पाटीचा आकारही बोलका असतो. नॉर्थ ब्रिटिशची गोल पाटी हाइड पार्क कारखान्याची, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची क्वीन्स पार्क कारखान्याची. अक्षरं झिजून गेली असली तरी आकार राहतो.

६. पाटीवर एक साल आणि रेल्वेच्या नोंदीत दुसरं. कोणतं धरायचं?

दोन्ही धरा, पण साल कशाचं ते लिहून. ऑर्डर दिली ते साल, बांधून झालं ते साल, जहाजात चढलं ते, मुंबई बंदरात उतरलं ते, वर्कशॉपमध्ये जोडलं ते आणि गाडीला लागलं ते. छोटी इंजिनं बऱ्याचदा सुटी करून पेट्यांत येत. वर्षाअखेरीस बांधलेलं इंजिन पुढच्या वर्षीच रुळावर येणार, त्यामुळे एका वर्षाचा फरक हा घोळ नसतो. चार-पाच वर्षांचा फरक दिसला तर मात्र थांबा. इंजिन आधी दुसऱ्या रेल्वेत काम करून आलेलं असू शकतं.

७. बार्शी लाईटचे जुने कागद नेमके कुठे मिळतील?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न. याचं उत्तर लांब आहे, कारण ही रेल्वेच अनेक सत्तांच्या मुलखातून गेली होती.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने लंडनमध्ये कंपनी काढली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा पहिला तुकडा सुरू झाला. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. आता नकाशावर बोट फिरवा. बार्शी आणि पंढरपूर सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे मुंबई इलाख्यात. धाराशिव आणि लातूर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात. मिरज संस्थानी मुलूख. कंपनीचे संचालक लंडनमध्ये. एकाच इंजिनाने दिवसभरात हद्द ओलांडली की त्याचे कागदही वेगळ्या दप्तरात गेले.

म्हणून शोधाचे धागे असे पडतात. मुंबई सरकारच्या फाईली, म्हणजे जमीन, पूल, अपघात आणि यात्रेची गर्दी, महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात. मुंबईत ते एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे आणि पुण्यालाही त्याची शाखा आहे. लातूर फाट्याचे हैदराबाद सरकारचे कागद हैदराबादला, तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात. त्यांतले बरेचसे उर्दूत आहेत आणि त्यांवर साल फसली असतं (प्रश्न ८). दक्षिणी संस्थानांच्या दप्तरात मोडी वाचणारा सोबत हवा. भारत सरकार आणि लंडन यांच्यातला पत्रव्यवहार ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या नोंदींत. १९५४ नंतरचं बहुतेक मध्य रेल्वेकडे.

इंजिनाच्या दृष्टीने मला यातला सर्वांत श्रीमंत धागा वाटतो तो पंढरपूरच्या यात्रेचा. आषाढी-कार्तिकीला नेहमीचा गाडीसंच पुरत नसे. मालडब्यांतून माणसं जात, टपावर बसत. अशा वेळी जादा गाड्यांचं वेळापत्रक निघे, यात्रेकरूंची मोजदाद होई, पटकीच्या भीतीने आरोग्य खात्याचे अहवाल लिहिले जात. किती गाड्या सुटल्या आणि त्यांना किती डबे लागले हे त्या अहवालांत सापडतं. त्यावरून यात्रेच्या आठवड्यात किती इंजिनं वाफेवर हवी होती याचा हिशेब मांडता येतो. रेल्वेच्या स्वतःच्या कागदांत जे गळालं, ते आरोग्य खात्याने लिहून ठेवलेलं असतं.

जिल्हा गॅझेटिअरबद्दल एक सूचना. सोलापूरचं जुनं प्रसिद्ध गॅझेटिअर १८८४ चं आहे, रेल्वेच्या तेरा वर्षं आधीचं. त्यात बार्शी लाईट शोधू नका. बार्शीच्या कापसाची पेठ आणि बैलगाड्यांची वर्दळ मात्र त्यात आहे, आणि ही रेल्वे का झाली ते त्यातूनच कळतं.

८. हैदराबादच्या कागदावर १३२० साल आहे. हे कसं वाचायचं?

हे फसली साल आहे. हैदराबाद राज्याचं सरकारी वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्यापासून सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० मिळवा, जानेवारी ते सप्टेंबरसाठी ५९१. म्हणजे १३२० फसली हे ऑक्टोबर १९१० ते ऑक्टोबर १९११ च्या सुरुवातीपर्यंत, नेमका लातूर फाटा सुरू होण्याचा काळ.

इंग्रजी अहवालांतही सालाची गंमत आहेच. काही जुने अहवाल जानेवारी-डिसेंबरचे आहेत, नंतरचे एप्रिल-मार्चचे. दोन अहवालांतली इंजिनांची संख्या जुळत नाही, तेव्हा आधी वर्ष कधी संपतं ते पाहा.

९. सूचीत ‘कुर्डूवाडी’ टाकलं तर काहीच येत नाही. का?

कारण जुन्या कागदांत ते स्टेशन ‘बार्शी रोड’ आहे. बार्शीला जायचं तर ब्रॉड गेजवर इथे उतरायचं, म्हणून ते नाव. तसंच सोलापूरचं शोलापूर, यवतमाळचं येवतमाळ, अचलपूरचं एलिचपूर, मूर्तिजापूरचं मुर्तजापूर, दौंडचं ढोंड. धाराशिवचं तर दोनदा नाव बदललं: आधी धाराशिव, मग उस्मानाबाद, आता पुन्हा धाराशिव. इंग्रजी स्पेलिंगचे दोन-तीन पर्याय कागदावर लिहून घ्या आणि एकेक टाकून पाहा. माणसं ‘बार्शी लाईट’ म्हणतात, पण फाईलवर कंपनीचं पूर्ण इंग्रजी नाव असतं.

१०. हिस्ट्री कार्ड म्हणजे काय? ते मिळालं तर कसं वाचायचं?

प्रत्येक इंजिनाचं एक कार्ड किंवा वही शेडमध्ये (इंजिनं उभी करायच्या जागी) वा वर्कशॉपमध्ये ठेवत. माणसाच्या सर्व्हिस बुकासारखंच. वर इंजिनाचा नंबर, वर्ग, कारखाना आणि साल. खाली रकाने: वर्कशॉपमध्ये आत कधी आलं, बाहेर कधी पडलं, तोवर किती मैल धावलं, कोणता बॉयलर बसवला, टायरची जाडी किती उरली, सिलिंडर किती घासला गेला, कोणत्या शेडला बदली झाली.

जाड पुठ्ठा, मधोमध घडी. घडीवरची अक्षरं उडालेली, आणि नेमकी तिथलीच ओळ आपल्याला हवी असते. कडांना तेलकट अंगठ्यांचे ठसे. नोंदी बहुतेक जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने केलेल्या. ही पेन्सिल दमट हवेत पसरते, म्हणून कार्डावर ओला कपडा कधीही फिरवू नका. खिडकीजवळ ठेवून, उजेड एका बाजूने तिरका येईल असा फोटो काढा. पुसट झालेल्या ठिकाणीही पेन्सिलीच्या दाबाची खाच दिसते आणि आकडा वाचता येतो.

वाचताना घाई करू नका. ‘पी.ओ.एच.’ म्हणजे ठरावीक काळाने होणारी मोठी दुरुस्ती. दोन पी.ओ.एच.मधले मैल काढलेत की इंजिन खरोखर किती राबलं ते कळतं. मैल एकाएकी कमी झालेले दिसले, तर इंजिन गाडीवरून काढून यार्डात शंटिंगला लावलं असण्याची शक्यता मोठी. आत-बाहेरच्या तारखांत वर्ष-दीड वर्षाचं अंतर असेल, तर बहुधा बॉयलरचं मोठं काम होतं किंवा सुटा भाग परदेशातून यायचा होता. आणि शेवटच्या ओळीत तारखेपुढे ‘कंडेम’, म्हणजे मोडीत काढलं, एवढाच शब्द असतो. चाळीस-पन्नास वर्षं राबलेल्या इंजिनाची नोंद त्या एका शब्दावर थांबते. मी पहिल्यांदा अशी ओळ वाचली, तेव्हा बराच वेळ कार्ड खाली ठेवलं नव्हतं.

११. बॉयलर दुसरा, चाकं दुसरी. मग ते ‘तेच’ इंजिन म्हणायचं का?

हो. रेल्वेच्या हिशेबात इंजिनाची ओळख त्याच्या सांगाड्याशी, म्हणजे फ्रेमशी जोडलेली असते. बॉयलरला दुरुस्तीला जास्त वेळ लागतो. म्हणून वर्कशॉपमध्ये एक-दोन बॉयलर जादा तयार ठेवत आणि इंजिन आलं की तयार असलेला बॉयलर बसवून त्याला लवकर बाहेर काढत. उतरवलेला बॉयलर सवडीने दुरुस्त होऊन दुसऱ्याच इंजिनावर चढे. वीस वर्षांत एका वर्गातले सगळे बॉयलर एकमेकांत फिरून आलेले असतात.

म्हणून बॉयलरवरच्या पाटीवरून इंजिनाचं जन्मसाल ठरवू नका. पण बॉयलरची फिरती टिपून ठेवा. एका इंजिनाचं कार्ड हरवलं असेल आणि त्याच वर्गातल्या दुसऱ्याचं मिळालं असेल, तर ‘हा बॉयलर अमक्या इंजिनावरून आला’ या नोंदीतून हरवलेल्या कार्डातली एक तारीख परत मिळते.

१२. इंजिन चौथऱ्यावर उभं आहे, पाट्या चोरीला गेल्यात. आता काय?

पाट्या गेल्या तरी लोखंड बोलतं. चाकांना जोडणारे दांडे, क्रॉसहेड, व्हॉल्व्हचे भाग यांवर फिटर लोक इंजिनाचा नंबर पंचाने ठोकत, खोलल्यावर भाग अदलाबदल होऊ नयेत म्हणून. आकडे बोटाच्या पेराएवढे असतात आणि अनेकदा दांड्याच्या टोकाजवळ, तेलाच्या कपाच्या आसपास सापडतात.

अडचण रंगाची. दर समारंभाला चौथऱ्यावरच्या इंजिनाला काळ्या-लाल रंगाचा नवा हात बसतो आणि खाचा बुजतात. तरी तारेचा ब्रश किंवा रंग काढायचं रसायन लावू नका. त्याने आकडाही जातो आणि परवानगी देणाऱ्याचा विश्वासही. संध्याकाळी अंधार पडताना जा, टॉर्च लोखंडाला जवळजवळ चिकटवून आडवा धरा, आणि हळूहळू फिरवा. सपाट वाटणाऱ्या जागी एकाएकी सावली पडते: आधी एक उभी रेघ, मग आकड्याचं पोट. तिथे पातळ कागद धरून काळा मेणाचा खडू घासा. ठसा आला की त्याच्याजवळ कोणत्या बाजूचा कोणता भाग ते लगेच लिहा, घरी येऊन आठवत नाही.

एका दांड्यावर एक नंबर छिन्नीने खोडलेला आणि शेजारी दुसरा ठोकलेला दिसला, तर तो सुटा भाग भंगारात निघालेल्या जुळ्या इंजिनाचा असू शकतो. म्हणून एकाच ठशावर निष्कर्ष काढायचा नाही. निदान तीन-चार भाग पाहा. बहुसंख्य ठसे ज्या नंबराचे, ते इंजिन.

१३. माथेरानच्या इंजिनांना ७३८ ते ७४१ असे मोठे नंबर का? चारच तर इंजिनं होती.

प्रश्नातच उत्तर आहे. चार इंजिनांची रेल्वे पहिल्या इंजिनाला ७३८ म्हणणार नाही. हे पुढे भारतीय रेल्वेच्या एकत्रित क्रमांकांतून आलेले आकडे आहेत. दार्जिलिंगची इंजिनं ७७७ पासून सुरू होतात, तीही याच पद्धतीने. १९०७ ते स्वातंत्र्यापर्यंतच्या कागदांत ७४० शोधाल तर हाती काही लागणार नाही.

आदमजी पीरभॉय कुटुंबाने उभारलेली ही रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. चारही इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाईन अँड कोपेलची, ०-६-० टी. टोकाच्या आसांना थोडं आडवं सरकता येईल अशी क्लीन-लिंडनर पद्धत त्यांत होती, कारण वळणं फार कडक. रचनेमागे बार्शी लाईटचा कॅलथ्रॉपच होता (प्रश्न ७). त्यामुळे बार्शीचा अभ्यास करणाऱ्याने माथेरानचे कागदही चाळावेत, आणि उलटही. यातलं ७४० इंग्लंडमध्ये लेटन बझर्डच्या छोट्या रेल्वेवर आहे. तिकडच्या जतन करणाऱ्यांनी इंजिन खोललं की आत काय दिसलं ते लिहून ठेवण्याची पद्धत आहे. ते वाचल्याशिवाय माथेरानच्या इंजिनावर लिहू नका.

१४. शकुंतला एकाच इंजिनाने सत्तर वर्षं ओढली, हे खरं आहे का?

‘मँचेस्टरला १९२१ मध्ये बांधलेलं झेडडी इंजिन १९२३ ते १९९४ या गाडीला होतं’ हे वाक्य दर वर्षी कुठेतरी छापून येतं आणि वाचणाऱ्याला एकच इंजिन डोळ्यांसमोर येतं. तसं होणं शक्य नाही. मूर्तिजापूरहून एक मार्ग यवतमाळला जात होता, ११३ किलोमीटरचा, आणि दुसरा अचलपूरला, ७६ किलोमीटरचा. दोन दिशांना एक इंजिन धावत नाही. शिवाय दर काही वर्षांनी प्रत्येक इंजिन मोठ्या दुरुस्तीला जातं, तेव्हा बदली लागतंच. त्या वाक्यातलं ‘इंजिन’ म्हणजे इंजिनांचा एक वर्ग.

याने शकुंतलेचं मोल कमी होत नाही. उलट एका इंजिनाऐवजी त्या वर्गातल्या प्रत्येकाची हकीकत शोधायला मिळते. ‘मँचेस्टर’ शब्दही तपासा: शहरात गॉर्टनला बेयर पीकॉक होती आणि शेजारी पॅट्रिक्रॉफ्टला नास्मिथ विल्सन. पाटीवरचं नाव पाहिल्याशिवाय यातलं एक निवडू नका. वेळापत्रकं आणि मालकी शोधताना सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी आणि तिचे व्यवस्थापक किलिक निक्सन ही नावं धरा. गाड्या चालवण्याचे कागद आधी जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या आणि नंतर मध्य रेल्वेच्या दप्तरात येतात.

१५. आमच्याकडचं इंजिन साखर कारखान्याचं होतं. त्याला रेल्वेचे कागद लागू आहेत का?

नाहीत, पण वेगळा आणि बरा रस्ता आहे. वालचंदनगर, रावळगाव अशा ठिकाणी उसाच्या ट्रॉल्या ओढायला छोटे रूळ होते. रेल्वेच्या बॉयलरना १९२३ च्या बॉयलर कायद्यातून वगळण्याची सोय सरकारकडे होती. कारखान्याच्या इंजिनाचा बॉयलर मात्र कायद्याखाली नोंदवावा लागे. नोंदणी क्रमांक बॉयलरवर कोरलेला असतो आणि दर तपासणीची नोंद राज्याच्या बाष्पके संचालनालयाकडे जाते. मालक बदलला की तेही त्यात येतं. कारखान्याचं इंजिन दुसऱ्या कारखान्याला विकलं गेलं, तर ते कळण्याचा हाच खात्रीचा मार्ग.

मात्र बॉयलर म्हणजे इंजिन नव्हे (प्रश्न ११).

१६. माझे आजोबा कुर्डूवाडीला फायरमन होते. त्यांनी कोणतं इंजिन चालवलं ते कळेल का?

एकच इंजिन बहुधा मिळणार नाही, कारण ड्युटी फिरती असे. पण ते कोणत्या काळात, कोणत्या शेडला आणि कोणत्या हुद्द्यावर होते हे सर्व्हिस शीटवरून कळतं. त्या वर्षांत त्या शेडला कोणता वर्ग होता हे अहवाल आणि कार्डांवरून. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की चार-सहा इंजिनं उरतात.

घरात शोधताना फक्त कागदांकडे पाहू नका. दंडाची पावती, बक्षिसाचं पत्र, अपघाताच्या चौकशीत दिलेला जबाब यांत इंजिनाचा नंबर असतो. आणि आजी असतील तर त्यांच्याशी बोला. आजोबा घरी कोणत्या दिवशी, किती वाजता येत हे त्यांना पाठ असतं. त्या वेळा जुन्या वेळापत्रकाशी ताडून पाहिल्या की गाडी सापडते.

१७. माहिती अधिकारात अर्ज केला तर इंजिनाचा इतिहास मिळेल?

नेमकं मागितलंत तर मिळू शकतो. ‘अमुक इंजिनाची सर्व माहिती द्या’ या अर्जाला ‘उपलब्ध नाही’ हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी विचारा: अमुक वर्गाच्या अमुक नंबराचं हिस्ट्री कार्ड, ते नसेल तर निकाली काढलेल्या इंजिनांची नोंदवही, आणि दप्तर नष्ट केलं असेल तर नष्ट केल्याच्या आदेशाची प्रत. हा तिसरा मुद्दा महत्त्वाचा. दप्तर खरोखर नष्ट झालं की कोणी शोधलंच नाही, हे त्याने उघड होतं. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

१८. इंजिन काही वर्षं नोंदींतून पूर्ण गायब आहे. कुठे गेलं असेल?

गायब होण्याची वर्षं पाहा. १९१४ ते १९१८ मध्ये असतील, तर युद्धाचा विचार करा. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून अडीच फुटी गाडीसामान मेसोपोटेमियात गेलं. काही परत आलं, काही नाही. इतर वर्षं असतील तर तीन शक्यता असतात: उसनवारीवर दुसऱ्या मार्गाला गेलं, सुट्या भागांसाठी शेडमागे उभं राहिलं, किंवा नंबर बदलला आणि आपण जुनाच शोधत आहोत. तिसरी शक्यता आधी तपासा (प्रश्न २), ती सर्वांत जास्त वेळा खरी निघते.

१९. दोन कागद दोन गोष्टी सांगतात. विश्वास कोणावर ठेवू?

जो कागद घटनेच्या जवळ, त्याच दिवशी, रोजचं काम म्हणून लिहिला गेला, त्यावर. शेडच्या कारकुनाने त्या संध्याकाळी लिहिलेले मैल हे तीस वर्षांनी लिहिलेल्या स्मरणिकेपेक्षा भक्कम असतात. छापील असल्याने कागद खरा ठरत नाही. वार्षिक यादीत इंजिन आहे म्हणजे ते धावत होतं असंही नाही. कंडेम झालेलं पण अजून न तोडलेलं इंजिन काही काळ हिशेबाच्या बुकात राहतं.

आणि दोन छापील पुस्तकं एकच गोष्ट सांगत असतील, तर दुसऱ्याने पहिल्यातून उचललेलं नाही ना हे बघा. तसं असेल तर तो पुरावा एकच. दोन्ही कागद तितकेच भक्कम असतील, तर टिपणात दोन्ही लिहा.

२०. आमच्याकडे इंजिनाजवळ उभ्या माणसांचा फोटो आहे. तारीख नाही, नंबर अर्धा दिसतो.

फोटो चौकटीतून काढा, पण पाठीमागचा पुठ्ठा फेकू नका. स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीतली ओळ तिथेच असते. मग भिंगाखाली माणसांकडे नाही, इंजिनाकडे बघा. बाजूला कंपनीची रोमन आद्याक्षरं असतील तर फोटो सरकारी ताब्याच्या आधीचा, बार्शी लाईटच्या बाबतीत १९५४ च्या आधीचा. देवनागरी अक्षरं असतील तर त्यानंतरचा. दिवा तेलाचा की विजेचा, चाकं किती (प्रश्न ३), धुरांड्याचा आकार कसा, टँक इंजिन की टेंडरचं, हे एकेक लिहून काढा.

अर्धवट नंबरासाठी, त्या वर्गात त्या आकड्याने संपणारे सगळे नंबर लिहा आणि वरच्या खुणांनी एकेक काटा. बहुतेक वेळा दोन उरतात. फोटोच्या मागे नावं लिहायची असतील तर मऊ पेन्सिलीने, कडेला लिहा. बॉलपेनची खाच पुढून उमटते, आणि ती नेमकी कोणाच्या तरी चेहऱ्यावर येते.